टाकीतलं विरजण

पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत वाढत पस्तीस टक्क्यांवर गेलं आणि त्याच महिन्यात पद्मजा मगदूमची पांढरी गाडी विश्रामबागच्या चौकात भर सकाळी बंद पडली. स्टिअरिंगवर एक शिकाऊ बाई होती. आपणच काहीतरी भलतं दाबलं असं वाटून ती रडकुंडीला आली.

"तू काही केलं नाहीस गं," पद्मजा म्हणाली. "इंजिनच उचक्या देतंय. उतर, ढकलू."

दोघी गाडी कडेला ढकलत असताना मागच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. "काय मॅडम, आज ढकलायचा धडा आहे वाटतं?"

"आहे की. ये, तुझंही नाव घालते."

पद्मजाचं लेडीज ड्रायव्हिंग स्कूल सांगलीत बरीच वर्षं चालू होतं. नव्या गाड्या विजेवरच्या. त्यांना क्लच नाही की गिअर नाही. पण शहराबाहेर पडलं की अजूनही घराघराच्या पत्र्याखाली एखादी जुनी पेट्रोलची गाडी उभी असायची. ती चालवायला शिकायचं तर बायका पद्मजाकडे यायच्या. तिच्याकडे दोन गाड्या होत्या, एक पांढरी, एक लाल. दोन्ही तिच्या मुलीच्या जन्माआधीच्या.

गॅरेजमध्ये टाकी उतरवली तेव्हा तळाशी तांबडा गाळ होता आणि रबराच्या नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या. हे सगळ्यांच्याच गाड्यांचं होत होतं. इथेनॉलला पाण्याची फार ओढ. हवेतला दमटपणा ते टाकीच्या श्वासनळीतून खेचून घेतं. थोडं पाणी असेल तोवर तिघं एकत्र नांदतात. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर खाली बसतं. वर पेट्रोलचा थर, खाली पाणी आणि इथेनॉलचा. इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळातून ओढते, म्हणून उचक्या. आणि तो खालचा थर पत्र्याला लागून राहतो, म्हणून गंज. बाजारात गंज रोखणारी औषधं डझनावारी आली होती. ती चार दिवस गंज थांबवत, पाणी मात्र तिथेच राही.

दिवाळीला पद्मजाची मुलगी ऋजुता पुण्याहून आली ती एक बाटली घेऊन. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, इंधनात घालायची द्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. बाटलीवर लिहिलं होतं 'कवच'.

"फराळाबरोबर घ्यायचं का हे?" सन्मतीरावांनी विचारलं. पद्मजाचे यजमान एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांना आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिससाठी जावं लागे. त्या फेरीला ते 'सांगली-मिरज विनाथांबा' म्हणत आणि निघताना स्टँडवरच्या कर्ण्याच्या आवाजात तशी घोषणाही करत.

"प्यायचं नाही, पप्पा. गाडीच्या टाकीत घालायचं." ऋजुताने आईकडे बघितलं. "व्हिनेगर ज्या जंतूंमुळे होतं ना, त्यांच्या जातीतला एक जंतू घेऊन आम्ही त्याच्यात बदल केलेत. तो त्या खालच्या थरात राहतो. थोडं इथेनॉल खातो आणि टाकीच्या आतून एक पातळ पापुद्रा विणतो. कागद ज्या धाग्याचा असतो, त्याच धाग्याचा. मग पाणी पत्र्याला लागतच नाही."

"म्हणजे साय धरतो," पद्मजा म्हणाली.

"हो, तसंच."

"आणि वाढत बसला तर?"

"नाही वाढत. त्याला जगायला एक द्रव्य लागतं, ते त्याला स्वतःला बनवता येत नाही. ते आम्ही बाटलीतच घालून देतो. चार महिन्यांत ते संपलं की जंतू मरतो. मुद्दामच पांगळा केलाय त्याला. मग नवी बाटली घालायची."

पांढरी गाडी पुन्हा सुरू झाली, ती नव्यासारखी. बाटलीत उरलेलं पद्मजाने थोड्या दिवसांनी लाल गाडीत घातलं.

चार महिन्यांनी नवी बाटली घ्यायची वेळ आली तेव्हा पद्मजाने ती घेतली नाही. महाग होती हे खरंच, पण खरं कारण तिला मनातून पटत नव्हतं हे होतं. दही संपलं म्हणून कोणी दर वेळी डेअरीकडे धावतं का? लाल गाडीच्या टाकीत साय अजून चांगली होती. तिने तळाचा नट सैल करून वाटीभर पाणी काढलं आणि ते पांढरीत ओतलं. आठ दिवसांनी टाकीच्या तोंडातून टॉर्च मारून बघितलं.

"काय गं, लागलं का?" सन्मतीरावांनी दारातून विचारलं.

"लागलं!"

त्यानंतर तो त्यांचा नेहमीचाच प्रश्न झाला. पद्मजा विरजणाच्या बाबतीत पहिल्यापासून काटेकोर. ज्या टाकीत साय घट्ट धरली असेल, तिच्यातलंच पुढच्या टाकीला घालायचं. जिथे पातळ, तिथलं टाकून द्यायचं. घरी दह्याचं ती असंच करत आली होती. शिकून गेलेल्या बायकांना तिने ते दिलं, त्यांनी जावांना, नणंदांना, शेजारणींना दिलं. शेजारणीकडून विरजण आणायला कोणाला लाज वाटत नाही आणि द्यायला कोणी नाही म्हणत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या ग्रुपवर गिअरच्या शंकांपेक्षा सायीचेच फोटो जास्त येऊ लागले.

अडचण बाटल्यांची होती. साध्या प्लास्टिकच्या बाटल्या त्या पाण्याने मऊ पडायच्या. ती अडचण सुवार्ताने सोडवली. सुवार्ता साबळे ही डायलिसिस सेंटरमधली सिस्टर, पद्मजाचीच विद्यार्थिनी. तिच्या जुन्या गाडीलाही पद्मजाचंच विरजण होतं.

"स्पिरिटच्या बाटल्या देते की, मॅडम. जाड असतात, झाकण घट्ट. पण रिकाम्या झाल्या की परत द्या हां. मोठ्या कॅनमधून आम्ही त्याच परत भरतो."

"धुऊन देते. तुझ्या स्टोअरवाल्याला कळणारही नाही."

बाटल्यांच्या बुडाशी कधी बोटभर स्पिरिट उरलेलं असे. पद्मजा ते ओतून देत नसे. त्यातच विरजण भरे. स्पिरिटात घातलेलं काही नासत नाही, हे तर सगळ्यांना माहीत असतं. आणि खरंच, त्या बाटल्यांतलं विरजण टाकीत जास्त चांगलं लागू लागलं.

असं दोन वर्षं चाललं.

*

डायलिसिस सेंटरमध्ये लोकांना थंडी वाजून ताप येऊ लागला, तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला. शुद्धीकरणाची यंत्रणा उघडली, फिल्टर बदलले, नळ्या बदलल्या. ताप येतच राहिले. सन्मतीरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बागवान चाचा असत. दोघांची क्रिकेटवरून दर वेळी भांडणं चालायची. एका सोमवारी चाचा आले नाहीत. रक्तात संसर्ग झाला, असं डॉक्टर म्हणाले. बुधवारी त्या खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता, आणि त्यापुढच्या फेरीला सन्मतीरावांनी घोषणा न करताच चपला घातल्या.

त्याच आठवड्यात त्यांनाही हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. ऋजुता तातडीने निघून आली. सांगली स्टेशनवर आईच्या लाल गाडीत बसली आणि तिने हवा हुंगली.

"आई, गाडीत व्हिनेगर सांडलंय का?"

"नाही गं. विरजणाचा वास आहे तो."

"कशाचं विरजण?"

पद्मजाने गाडी चालवता चालवता सांगितलं. अभिमानानेच सांगितलं. तिचं सांगून होईपर्यंत ऋजुताने खिडकीची काच पूर्ण खाली केली होती.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला वडिलांबरोबर ऋजुता गेली. परत आली आणि सरळ स्कूलच्या कपाटातून एक भरलेली बाटली काढून तिने पिशवीत घातली. वडिलांचा हात जिथे सिस्टरने पुसला होता तिथला कापसाचा बोळाही तिने खिशात घालून आणला होता. दोन्ही घेऊन ती पुण्याला गेली आणि गुरुवारी परत आली. सन्मतीराव आतल्या खोलीत झोपले होते. मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या.

"चहा टाकू?"

"नको. आई, ऐक. बाटलीतला जंतू पांगळा होता, बरोबर? चार महिन्यांनी कोट्यवधी जंतू मरतात. त्यातला एखादाच असा निघतो, की मेलेल्यांचं खाऊन तगतो, किंवा ते द्रव्य पुन्हा स्वतःच बनवायला लागतो. टाकीत तो एकटा पडतो आणि शेवटी मरतो. कंपनीचा सगळा हिशोब ह्यावरच होता. पण तू नेमकं त्यालाच उचलून नव्या टाकीत नेलंस. तिथून पुढच्या. दर वेळी जो सगळ्यात घट्ट लागला, तोच निवडून. प्रयोगशाळेत जंतू बळकट करायचा असेल तर आम्ही हेच करतो, आई. ह्याच्याहून जास्त काही करत नाही."

"मी तर फक्त…"

"तू लोकांना गाडी शिकवतेस ना? त्या पांगळ्याला तू चालायला शिकवलंस."

कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

"आणि स्पिरिट," ऋजुता म्हणाली. "टाकीच्या तळाच्या थरात इथेनॉल किती असतं माहितीय? साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्येही तेवढंच असतं, कारण त्या प्रमाणात ते जंतू सगळ्यात चांगले मारतं. एरवी तिथे कोणी जगत नाही. हा आधीच तिथे जगणारा, आणि वर तू त्याला खरोखरच्या स्पिरिटात ठेवलंस. मग त्या बाटल्या धुऊन परत दिल्यास. साय अशी धुऊन जात नाही."

"म्हणजे तुझ्या पप्पांना त्या जंतूनेच…"

"नाही. तो स्वतः माणसाला काही करत नाही. तो स्पिरिट खातो आणि आंबट करून ठेवतो. ज्या डब्यात सिस्टर बोळे भिजवून ठेवतात ना, त्यात साय धरलीय. त्या सायीच्या आड बाकीचे जंतू सुखाने बसतात, जे रोज मरायचे ते. तोच बोळा सुई टोचायच्या जागी फिरवतात."

पद्मजाच्या डोळ्यांसमोर बागवान चाचांची खुर्ची आली.

"सगळीकडेच होणार का असं?"

"डिस्टिलरीत नाही. तिथलं इथेनॉल जवळजवळ कोरडं असतं आणि ह्याला पाणी लागतंच. त्यामुळे नवीन स्पिरिट चांगलं येत राहील. जिथे जिथे ह्या बाटल्या गेल्या तेवढं गोळा करून जाळलं की आटोक्यात येईल. एवढाच आधार आहे." ऋजुताने आवाज खाली आणला. "मी कंपनीत सांगितलंय. ते गुपचूप माणसं पाठवून गोळा करणार आहेत. उद्या पप्पांना कोल्हापूरला दुसऱ्या सेंटरला नेऊ. तू कोणाला काही बोलू नकोस."

"का?"

"कारण पोलीस केस होईल, आई. चाचा गेलेत. तुझ्यावर होईल आणि सुवार्ताताईवरही. बाटल्या बाहेर कोणी दिल्या, हे पहिलं विचारतील. तिला दोन मुलं आहेत."

"आणि उद्या सकाळी मिरजेत खुर्चीवर बसणाऱ्यांचं काय? तुझी माणसं कधी येणार?"

"सोमवारी."

पद्मजा उठली आणि तिने गॅस बंद केला.

*

सकाळी सन्मतीरावांना तिने स्वतःच लाल गाडीत बसवलं. ऋजुता दाराशी उभी होती. "कोल्हापूरला फोन करून ठेवलाय," ती म्हणाली. पद्मजाने मान हलवली आणि मिरजेच्या रस्त्याला गाडी घातली.

"कोल्हापूर म्हणत होती ना ती?" सन्मतीरावांनी विचारलं. तापाने त्यांचा आवाज बसला होता.

"आपली गाडी विनाथांबा आहे. मिरजच."

सेंटरमध्ये बाकीच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. सुवार्ता पहिल्या माणसाच्या हाताशी होती, एक तरुण शिंपी, शर्टाची बाही वर सारून बसलेला. तिने स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. आंबूस वास पद्मजापर्यंत आला. तो इतके दिवस रोज इथे येत असणार. स्वतःच्या गाडीतल्या वासाची सवय झालेली, म्हणून तिला तो इथे कधी कळलाच नव्हता. सुवार्ताने चिमट्याने बोळा उचलला. त्याच्याबरोबर एक चिकट धागा वर आला आणि तुटला.

"सुवार्ता, थांब. तो लावू नकोस."

"काय झालं, मॅडम?"

"डॉक्टरांना बोलाव. आत्ता."

डॉक्टर आले ते थोडे वैतागूनच. पद्मजाने सगळं सांगितलं. शिकवताना ती जशी बोलायची तशीच बोलली, मोठ्याने आणि एका दमात: विरजण, बाटल्या, बुडाचं स्पिरिट. खुर्च्यांवरची माणसं ऐकत होती. कोणाची तरी बायको म्हणाली, "अगं बाई, मग आमच्या ह्यांना ताप आला तो…"

"बाटल्या तुम्हाला दिल्या कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

पद्मजाने नाव घेतलं नाही. एवढंच ती घरून ठरवून आली होती.

"मी दिल्या, सर," सुवार्ता म्हणाली. चिमटा अजून तिच्या हातात होता. तिने पद्मजाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. "मॅडम, काल रात्री तुम्हाला मला एक फोन करता आला नसता का? मी स्वतःच येऊन सांगितलं असतं की."

फोन करायचं पद्मजाच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

डबा बाहेर नेला. आयोडिनच्या बाटल्या आणल्या. त्या थोड्याच होत्या, पण त्या दिवसाला पुरल्या. सन्मतीरावांचा हात तपकिरी रंगाने दोनदा पुसून सुया टोचल्या. यंत्र फिरू लागलं. सुवार्ताला डॉक्टरांनी आपल्या खोलीत बोलावलं, आणि ती परत बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर गणवेश नव्हता.

पद्मजा जिन्यात जाऊन बसली. तिने ग्रुप उघडला. लिहायला तिला वेळ लागला.

'सगळ्या मैत्रिणींना. विरजण आता कोणालाही द्यायचं नाही. टाकीतलं काढू नका, गटारात ओतू नका. बाटल्या तशाच बंद ठेवा. ज्यांना ज्यांना तुम्ही दिलंय त्यांची नावं मला इथेच सांगा. दवाखान्यात कोणाकडे गेलं असेल तर आधी ते सांगा. लोक दगावतायत. चूक माझी आहे.'

उत्तरं लगेच येऊ लागली.

'अय्या, खरंच का मॅडम?'

'मॅडम, मी तर सासरी इस्लामपूरला दिलं. त्यांनी पुढे किती जणींना दिलं काय माहीत.'

'माझी नणंद हुबळीला असते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिलाच दिलं होतं.'

'मॅडम माझी गाडी बंद पडेल ना हो मग?'

पद्मजा वाचत राहिली. गावांची नावं सांगलीपासून दूर दूर चालली होती. तरी तिने मनाशी ऋजुताचं वाक्य घट्ट धरलं होतं. नवीन स्पिरिट चांगलं येत राहील. मुळाशी धोका नाही.

मग सुरेखा ऐनापुरेचा मेसेज आला. गेल्या वर्षी शिकून गेलेली, क्लचला फार घाबरायची.

'मॅडम, आमचे मिस्टर डिस्टिलरीत टाक्यांवर आहेत ना, त्यांनी मागच्या हंगामात एक बाटली नेली होती. इथेनॉलच्या मोठ्या टाकीला आतून गंज धरत होता म्हणून. पहिल्यांदा काही झालं नाही, मरून गेलं सगळं. मग तुम्ही शिकवलं तसं त्यांनी थोडं थोडं परत परत घातलं. आता एकदम मस्त झालंय. बोटभर साय धरलीय म्हणतात. फक्त टँकर भरताना जाळी चोंदते. काही वाईट नाही ना त्यात?'

खाली तिने एक फोटो टाकला होता. टाकीचं वरचं झाकण उघडून आत उजेड मारलेला. पांढरी, सुरकुतलेली साय, कडेपासून कडेपर्यंत. मागे आवारात टँकर रांगेने उभे होते.

पद्मजाने फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला. ऋजुताला पाठवला. पाठवल्याची खूण उमटली, वाचल्याचीही उमटली.

आत गेली तेव्हा सन्मतीराव जागे होते. ताप थोडा उतरला होता. तिच्या हातातल्या फोनकडे बघून ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"कोणी फोटो पाठवला? काय गं, लागलं का?"

पद्मजा स्टुलावर बसली. त्यांचा सुया नसलेला हात तिने हातात घेतला.

"लागलं," ती म्हणाली.